काळोखांतली जोडी

अमावास्येच्या रात्रीं माळावरच्या रस्त्यानें दोन बैलगाड्या येत असाव्या आणि प्रत्येकीखालीं एकेक कंदील टांगलेला असावा. लांबून पाहणाऱ्याला एकच दिवा दिसतो. गाड्या जवळ येऊं लागल्या म्हणजे त्या एका ठिपक्याचे दोन ठिपके होतात. पण तोंपर्यंत ‘गाडी आली’ असें आपण घरांत सांगून बसलेले असतों, आणि एकाच गाडीच्या माणसांपुरता भात चुलीवर चढलेला असतो.

असाच प्रसंग ज्योतिर्विदांवर एकदां ओढवला. फरक इतकाच, कीं त्यांच्या गाड्या कधींच जवळ येणार नव्हत्या. आणि ‘एक’ म्हणून केलेली नोंद दुरुस्त होण्यास १३४ वर्षें लागलीं. ज्याची ही हकीकत मी आज सांगणार आहें तो लघुग्रह नुसत्या डोळ्यांनीं दिसत नाहीं, त्याचा रंग जवळजवळ कोळशासारखा काळा आहे, आणि तो एक नसून दोन आहेत. त्याचें नांव अँटिओपी.

मंगळ आणि गुरु यांच्या कक्षांमध्यें फार मोठी मोकळी जागा आहे. तेथें एखादा ग्रह असावा अशी अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्योतिर्विदांची अटकळ होती. १ जानेवारी १८०१ रोजीं सिसिलींतील पालेर्मो येथें जुझेप्पे पियाझ्झी यांना सेरेस सांपडला. पुढील वर्षीं पॅलास सांपडला, आणि मग एकामागून एक असे अनेक सांपडत गेले. मोठ्या दुर्बिणींतूनहि हे पदार्थ ताऱ्यांप्रमाणें नुसते ठिपकेच दिसत. म्हणून विल्यम हर्शेल यांनीं १८०२ सालीं त्यांना ‘ताऱ्यासारखा’ या अर्थाचें नांव दिलें. आपण त्यांना लघुग्रह म्हणतों. ताऱ्यांच्या गर्दींत जो ठिपका रोज थोडा सरकतो तो लघुग्रह, एवढीच त्यांची ओळख होती. जर्मनींत ड्युसेलडॉर्फजवळ बिल्क येथील लहानशा वेधशाळेंत रॉबर्ट लुथर हे ज्योतिर्विद असे सरकते ठिपके चिकाटीनें हुडकीत असत. त्यांनीं एकूण २४ लघुग्रह शोधले. त्यांपैकीं एक त्यांना १ ऑक्टोबर १८६६ रोजीं सांपडला. त्याला नव्वदावा क्रमांक मिळाला आणि अँटिओपी हें ग्रीक पुराणांतलें नांव मिळालें. ग्रीक कथांत या नांवाच्या दोन स्त्रिया आहेत. एक लढवय्यी वीरांगना. दुसरी आंफिऑन आणि झीथस या जुळ्या भावांची माता. नांव ठेवतांना दोघींपैकीं कोण मनांत होती हें निश्चित नाहीं. पण पुढें जें निष्पन्न झालें तें पाहतां, जुळ्यांच्या मातेचाच अधिकार मोठा म्हणावा लागेल.

आतां प्रश्न असा, कीं जो केवळ ठिपका दिसतो त्याचा आकार मोजावा कसा? लघुग्रहाला स्वतःचा प्रकाश नाहीं. सूर्याच्या उजेडांतला कांहीं भाग तो परत पाठवितो, तेवढाच आपणांस दिसतो. लहान पण पांढरा दगड आणि मोठा पण काळा दगड, हे दोन्ही दुरून सारखेच तेजस्वी दिसूं शकतात. म्हणून नुसत्या तेजावरून आकार ठरत नाहीं. उन्हानें तापलेला दगड जी उष्णता बाहेर टाकतो, तीहि मोजावी लागते. काळा दगड प्रकाश कमी परत करतो, पण तापतो अधिक. या दोन मोजमापांचा मेळ घातला म्हणजे रंग आणि आकार दोन्हींचा अंदाज येतो. १९८३ सालीं आयरास नांवाच्या उपग्रहानें आकाशाची अशी उष्णतेची पाहणी केली. त्या पद्धतीनें पाहतां अँटिओपी हा अत्यंत काळा, म्हणजे मिळालेल्या प्रकाशापैकीं शंभरांत सुमारें सहाच भाग परत करणारा, आणि सुमारें १२० किलोमीटर व्यासाचा ठरला. हा आंकडा श्रोत्यांनीं कृपा करून लक्षांत ठेवावा. त्याच्याकडे आपणांस पुन्हां यावयाचें आहे.

आकार समजला, पण वजन? येथें ज्योतिर्विदाचे हात बांधलेले असतात. वाण्याच्या तराजूलासुद्धां दोन पारडीं लागतात. एकट्या पदार्थाचें वजन आकाशांत करणें फार दुर्घट आहे. पृथ्वीचें वजन चंद्राच्या फेऱ्यांवरून कळतें, गुरूचें त्याच्या चंद्रांवरून कळतें. सोबती किती अंतरावरून फिरतो आणि किती वेळांत फेरी पुरी करतो, एवढ्या दोन गोष्टी समजल्या कीं केप्लर व न्यूटन यांच्या नियमांनीं वजन निघतें. सोबतीच नसेल तर नियम आहे, गणित आहे, पण गणितांत घालावयास आंकडे नाहींत. आणि वजन नाहीं म्हणजे घनता नाहीं; घनता नाहीं म्हणजे तो पदार्थ आंतून भरीव खडक आहे, बर्फ आहे कीं नुसता ढीग आहे, यांतलें कांहींहि सांगतां येत नाहीं. शंभरांहून अधिक वर्षें अँटिओपीची हीच स्थिति होती. त्याची वाट ठाऊक होती. सूर्यापासून पृथ्वीच्या तिपटीहून थोड्या अधिक अंतरावरून तो साडेपांच वर्षांहून किंचित् अधिक काळांत एक प्रदक्षिणा घालतो, हें ठाऊक होतें. पण तो आहे काय, हें ठाऊक नव्हतें.

लघुग्रहाला स्वतःचा चंद्र असूं शकेल, ही कल्पनाहि फार काळ कोणी मनावर घेतली नव्हती. १९९३ च्या ऑगस्टमध्यें गुरूकडे निघालेलें गॅलिलिओ यान आयडा नांवाच्या लघुग्रहाजवळून गेलें. त्यानें पाठविलेलीं चित्रें पुढल्या वर्षीं तपासतांना आयडाजवळ अवघा दीड किलोमीटरचा एक चिमुकला चंद्र आढळला, आणि शंकेला जागा उरली नाहीं. मग पृथ्वीवरूनहि असे सोबती शोधण्याची खटपट सुरू झाली. १९९८ सालीं विल्यम मर्लिन आणि त्यांचे सहकारी यांना युजेनिया या लघुग्रहाचा चंद्र हवाई बेटावरील दुर्बिणींतून सांपडला. इकडे अँटिओपीनेंहि १९९६ सालीं एक खूण करून ठेवली होती. त्याचें तेज ज्या तऱ्हेनें कमीजास्त होत होतें ती तऱ्हा, एकमेकांना आळीपाळीनें झांकणाऱ्या जोडताऱ्यांसारखी दिसत होती. पण खूण म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा डोळ्यांनीं पाहण्यांत मुख्य अडचण आपल्या हवेची होती. तारे लुकलुकतात हें कवींना प्रिय असलें, तरी ज्योतिर्विदाला तें संकटच आहे. वरच्या हवेचे थंड-गरम थर सतत हालत असतात, आणि तळ्याच्या तळाशीं पडलेलें नाणें पाण्याच्या हालचालीनें जसें थरथरतें तशी ताऱ्याची प्रतिमा थरथरते. दुर्बीण कितीहि मोठी केली तरी ही थरथर जात नाहीं. १९५३ सालीं होरेस बॅबकॉक या अमेरिकन ज्योतिर्विदानें एक युक्ति सुचविली. हवा प्रतिमा कशी वांकविते हें क्षणोक्षणीं मोजावें, आणि दुर्बिणींतला एक लहान आरसा बरोबर तितकाच उलट वांकवावा, म्हणजे चूक चुकीनें कटून जाईल. एका सेकंदांत शेंकडों वेळां आरसा वांकविण्याची ही करामत प्रत्यक्षांत येण्यास पुढें कित्येक वर्षें जावीं लागलीं. हवाई बेटावर मौना केआ या पर्वतावर, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहूनहि उंच, केक नांवाच्या दोन दुर्बिणी आहेत. प्रत्येकीचा मुख्य आरसा ३६ षट्कोनी तुकडे जोडून केलेला, दहा मीटर रुंदीचा आहे. त्यांतील दुसऱ्या दुर्बिणीला ही युक्ति जोडलेली होती. १० ऑगस्ट २००० रोजीं मर्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती अँटिओपीकडे वळविली.

ते मोठ्या लघुग्रहाशेजारीं एखादा फिकट चंद्र आहे का हें पाहत होते. त्यांना दिसले ते दोन ठिपके, आणि दोन्ही जवळजवळ सारख्याच तेजाचे! त्यांच्यामधलें अंतर किती बारीक होतें, तें कसें सांगावें? अडीच सेंटिमीटर रुंदीचें नाणें सुमारें पन्नास किलोमीटरांवरून जेवढें दिसेल, तेवढें. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हें ठरविण्याची सोयच राहिली नाहीं. इतक्या मोठ्या आणि इतक्या समसमान लघुग्रहांची जोडी त्यापूर्वीं कोणाच्या पाहण्यांत नव्हती.

आतां त्या १२० किलोमीटरांच्या आंकड्याकडे वळूं. पुढील मापनांत या दोन गोळ्यांचे सरासरी व्यास सुमारें ८८ आणि ८४ किलोमीटर ठरले. दोघांचें मिळून जेवढें क्षेत्र आपणांकडे प्रकाश पाठवितें, तेवढें क्षेत्र एकाच गोळ्याला द्यावयाचें तर त्याचा व्यास किती हवा? सुमारें १२० किलोमीटर! म्हणजे जुन्या हिशेबांत बेरीज-वजाबाकीची कोणतीहि चूक नव्हती. उष्णता बरोबर मोजली होती, प्रकाश बरोबर मोजला होता. चुकीची होती ती कोणीं लिहूनहि न ठेवलेली एक समजूत, कीं ठिपका एक, म्हणून पदार्थ एक. श्रोतेहो, शास्त्राच्या इतिहासांत अशा चुका फार दीर्घायुषी असतात. आंकड्यांतली चूक दुसरा मनुष्य पडताळून काढतो. पण जी समजूत दोघांच्याहि मनांत आहे ती कोणीं पडताळावी?

या जोडीचें चित्र डोळ्यांपुढें आणण्यासाठीं स्वयंपाकघरांतच चला. काळ्या तिळाचे तीन सारखे लाडू एका ओळींत एकमेकांना टेकवून मांडा, आणि मधला उचलून घ्या. राहिलेले दोन ते अँटिओपीचे गोळे, आणि उचललेल्या लाडवाएवढें त्यांच्यामधलें अंतर. केंद्रापासून केंद्रापर्यंत हें अंतर सुमारें १७१ किलोमीटर आहे. दोघेहि त्यांच्यामधल्या एका रिकाम्या बिंदूभोंवतीं साडेसोळा तासांत एक फेरी पुरी करतात, आणि तेवढ्याच वेळांत स्वतःभोंवतींहि एकदां फिरतात. म्हणून आपला चंद्र जशी आपल्याला एकच बाजू दाखवितो, तशी हीं दोघें भावंडें एकमेकांना सदैव एकच बाजू दाखवितात.

आणि हीच ती तराजूचीं दोन पारडीं! १७१ किलोमीटर आणि साडेसोळा तास हे दोन आंकडे न्यूटनच्या गणितांत घातले, कीं दोघांचें मिळून वस्तुमान निघतें: ८३ वर सोळा शून्यें, इतके किलोग्रॅम. ही संख्या ऐकण्यास मोठी वाटते. पण तिला आकारानें भागलें असतां घनता येते ती पाण्याच्या अवघी सव्वा पट. साधा खडक पाण्याच्या अडीच-तीन पट जड असतो. तेव्हां हे गोळे भरीव खडकाचे असणें शक्यच नाहीं. आंत सुमारें तिसरा हिस्सा पोकळी असावी असें शास्त्रज्ञांचें अनुमान आहे. रस्त्याच्या कडेला ओतलेल्या खडीच्या ढिगाऱ्यांत दगडांच्या मधून जशा फटी राहतात तसा हा प्रकार आहे. फक्त तो ढीग आपल्याच तोकड्या ओढीनें एकत्र राहिला आहे. १८६६ पासून जें कळत नव्हतें, तें दुसरा सोबती दिसतांच कळलें. एकाचें अंतरंग दुसऱ्यानें सांगितलें.

येथून पुढचें काम पॅरिसच्या वेधशाळेंतील पास्काल देकां, अमेरिकेंतील फ्रांक मार्शी व त्यांचे सहकारी यांनीं हातीं घेतलें. चिलींतील ८·२ मीटरांची मोठी दुर्बीण आणि हवाईची केक यांच्या साह्यानें २००३ पासून त्यांनीं या जोडीची कक्षा बारकाईनें ठरविली. जोडीच्या फेरीची पातळी ज्या काळांत सूर्य आणि पृथ्वी यांच्या रोखांत येते, त्या काळांत एक गोळा दुसऱ्याला झांकतो किंवा त्याच्यावर आपली सांवली टाकतो. अशीं ग्रहणें २००५ सालीं होणार हें त्यांनीं आधीं गणितानें सांगितलें. ग्रहण पाहण्यास अजस्त्र दुर्बीण लागत नाहीं. ठिपक्याचें तेज किती कमी झालें आणि केव्हां, एवढेंच नोंदावयाचें असतें. म्हणून निरनिराळ्या देशांतील निरीक्षकांना, हौशी मंडळींनासुद्धां, या कामांत हात लावतां आला. भाकीत खरें ठरलें, ग्रहणें झालीं. त्यांवरून २००७ सालीं दोन्ही गोळ्यांच्या आकृति प्रसिद्ध झाल्या. ते पूर्ण वाटोळे नसून एकमेकांच्या दिशेनें अगदीं किंचित् लांबट आहेत. एकोणिसाव्या शतकांत एदुआर रोश या फ्रेंच गणितज्ञानें परस्परांभोंवतीं फिरणाऱ्या द्रव गोलांच्या आकृति गणितानें काढल्या होत्या. त्यांच्याशीं या दगडी ढिगांचें बरेंच साम्य निघालें. ढीग सैल असल्यामुळेंच तो द्रवासारखा त्या आकृतींत बसला असावा.

मात्र ही आकृति अगदीं निर्दोष नाहीं. १९ जुलै २०११ रोजीं अँटिओपी एका ताऱ्यासमोरून गेला आणि त्याची सांवली अमेरिकेच्या पश्चिम भागावरून सरकत गेली. ठिकठिकाणीं दुर्बिणी मांडून निरीक्षकांनीं तारा केव्हां विझला आणि केव्हां पुन्हां उजळला हें टिपलें. त्या सर्व नोंदी एकत्र जुळवितांच दोन काळ्या आकृति कागदावर उमटल्या. आणि त्यांतील एकीची कड एके ठिकाणीं मोठा लचका तोडल्यासारखी आंत गेलेली दिसली. कोणे एके काळीं बसलेल्या प्रचंड आघाताचा तो व्रण असावा.

क्षणभर कल्पनेनें तेथें जाऊन उभे राहूं या. आजपर्यंत तेथें कोणतेंहि यान गेलेलें नाहीं, पण गणिताला वाटखर्च लागत नाहीं. साठ किलो वजनाचा मनुष्य तेथें स्प्रिंगच्या कांट्यावर शंभर ग्रॅमदेखील भरणार नाहीं. जोडीदाराकडल्या बाजूस उभें राहिलें तर तो माथ्यावर, आपल्या चंद्राच्या सुमारें पाऊणशें पट रुंद दिसेल. तो उगवणार नाहीं आणि मावळणारहि नाहीं. जागच्या जागीं कलांनीं वाढेल आणि घटेल. आणि विरुद्ध बाजूस जन्म काढणाऱ्याला, आपल्याला सोबती आहे हें कधीं कळणारहि नाहीं.

ही जोडी जमली कशी, याचें उत्तर अद्याप निश्चित झालेलें नाहीं. जपानी ज्योतिर्विद कियोत्सुगु हिरायामा यांनीं १९१८ सालीं दाखवून दिलें, कीं कित्येक लघुग्रहांच्या कक्षा इतक्या जुळतात कीं ते एकाच फुटलेल्या मोठ्या पदार्थाचे तुकडे असले पाहिजेत. अशा एका कुळाचें नांव थेमिस, आणि अँटिओपी त्याच कुळांतला. स्वतः थेमिसच्या पृष्ठभागावर पाण्याच्या बर्फाच्या खुणा आढळल्याचें २०१० सालीं जाहीर झालें. पण फुटलेल्या घरांतून दोन समसमान भावंडें नेमकीं एकमेकांना धरून कशीं बाहेर पडलीं? एकच ढीग आघातानें गरगर फिरूं लागून दुभंगला काय? हा प्रश्न अजून मोकळा आहे.

कोणी विचारील, कीं इतक्या दूरच्या काळ्या दगडांशीं आम्हां गृहस्थांचें काय देणेंघेणें? त्याचें उत्तर २६ सप्टेंबर २०२२ रोजीं मिळालें. त्या दिवशीं डार्ट नांवाचें यान डिमॉर्फस या लहानशा चंद्रावर मुद्दाम आदळविण्यांत आलें. ही जोडी लघुग्रहपट्ट्यांतली नव्हे, पृथ्वीच्या जवळपास येणाऱ्यांपैकीं आहे. तिच्यापासून धोका नव्हता, पण उद्यां एखादा धोंडा खरोखरच आपल्यावर चालून आला तर त्याची वाट वळवितां येईल काय, याची ही परीक्षा होती. डिमॉर्फस आपल्या सोबत्याभोंवतीं ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. धडकेनंतर त्याची फेरी अर्ध्या तासाहून थोडी अधिकच कमी झाली. हें कळलें कशावरून? प्रामुख्यानें एकानें दुसऱ्याला झांकल्यानें तेजांत पडणाऱ्या खळग्यांच्या वेळांवरून, म्हणजे जी रीत अँटिओपीवर वापरली तिच्यावरून. शिवाय, धक्क्याचा परिणाम किती होणार हें तो दगड भरीव आहे कीं पोकळ ढीग आहे यावर अवलंबून असतें. आणि तें अंतरंग ओळखण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्याला सोबती असणें. काळ्या दगडांचीं वजनें करणें हा केवळ विद्वानांचा विरंगुळा नव्हे. एखाद्या दिवशीं आपल्या नातवंडांचें क्षेम त्यावर ठरेल.

लघुग्रहांच्या यादींत अँटिओपीचा क्रमांक आजहि नव्वद हाच आहे. एक क्रमांक, एक नांव आणि पदार्थ दोन. लुथर यांची नोंद कोणीं खोडली नाहीं, कारण त्यांनीं पाहिलें तें खरेंच होतें. त्यांच्या दुर्बिणीला तेवढेंच दिसणें शक्य होतें. यादींत असे आणखी लक्षावधि ठिपके आहेत. ज्याला आपण एक म्हणून मोजलें तो एकच आहे काय, हा प्रश्न त्यांतल्या प्रत्येकाला विचारावयास आपण आतां शिकलों आहों. लांबून दिवा दिसला म्हणजे भात चढविण्यापूर्वीं थोडें थांबावें, हें शहाणपण आपणांस त्या काळ्या जोडीनें दिलें आहे.